पार्सलवरचे लेबल ही मालाची साक्ष : धोक्याच्या चिठ्ठ्या कशा निवडाव्यात?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी आग लागली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. गोदी, मशीद बंदर आणि मांडवी भागातील वखारी, दुकाने, घरे उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आग विझवायला धावलेले ६६ जवान होते. म्हणूनच आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने धोक्याचे लाल निशाण चढवावे, अशी रीत होती. महायुद्धाच्या धामधुमीत ते निशाण चढवले गेले नाही, अशी नोंद आहे. शेजारी कोणता माल उभा आहे, हे आजूबाजूच्या जहाजांना आणि कामगारांना कळण्याची साधी खूणच उरली नव्हती.

आपण छोटे व्यापारी, कारागीर. आपल्या दुकानातून जहाज भरून स्फोटके जात नाहीत. पण अत्तराच्या बाटल्या, चपलांचे सोल्युशन, थिनर, तेजाब, मोबाइलच्या बॅटऱ्या रोज जातात. त्या खोक्यावर आपण जी चिठ्ठी चिकटवतो किंवा चिकटवत नाही, तेच आपले निशाण होय. ते कसे निवडावे, याची माहिती व्यापारी बंधूंसाठी येथे देत आहोत.

चिठ्ठ्यांची दोन घराणी

पुष्कळांचा गोंधळ येथेच होतो. पार्सलवर लागणाऱ्या चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात आणि एकीचे काम दुसरी करीत नाही.

पहिला प्रकार हाताळणीच्या खुणांचा. काचेचा पेला म्हणजे माल नाजूक आहे. वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. आकड्यावर फुली म्हणजे गाठीला हूक लावू नका. एकावर एक ठेवलेल्या खोक्यांच्या चित्रात आकडा असेल, तर तेवढ्याच थरांपर्यंत रचा. ही चित्रे जगभर सारखीच आहेत. हमालाला वाचता येत नसले तरी चित्र कळते. हाच त्यांचा मोठा फायदा.

दुसरा प्रकार धोक्याच्या लेबलांचा. ही चौकोनी पण टोकावर उभी केलेली, म्हणजे पतंगाच्या आकाराची असतात आणि प्रत्येक बाजू साधारणपणे किमान १०० मिलिमीटर असावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार धोकादायक मालाचे ९ वर्ग केले आहेत. वर्गाचा आकडा लेबलाच्या खालच्या टोकाला असतो. नारिंगी रंगाचे लेबल स्फोटकांचे, म्हणजे वर्ग १. वर्ग २ वायूंचा. पेट घेणाऱ्या वायूला लाल, न पेटणाऱ्याला हिरवे आणि विषारी वायूला कवटीचे पांढरे लेबल असते. वर्ग ३ ज्वालाग्राही द्रवांचा. लाल रंगावर ज्योत. वर्ग ४ मध्ये पेट घेणारे घन पदार्थ (लाल-पांढरे पट्टे), आपोआप तापून पेटणारे (वर पांढरे, खाली लाल) आणि पाणी लागले की धोकादायक होणारे (निळे) असे तीन भाग आहेत. वर्ग ५ मध्ये आगीला जोर देणारे पदार्थ येतात. त्यांतील ऑक्सिडायझरचे लेबल पिवळे असते. वर्ग ६ मध्ये विष आणि रोगजंतू, वर्ग ७ मध्ये किरणोत्सर्गी माल. वर्ग ८ तेजाबासारख्या क्षरणकारक पदार्थांचा. वर पांढरा, खाली काळा, आणि हातावर व धातूवर थेंब पडताना दाखवलेले. वर्ग ९ इतर धोक्यांचा. वरच्या भागात काळे उभे पट्टे.

आता विचार करा. थिनरच्या डब्यावर फक्त काचेच्या पेल्याचे चित्र लावले, तर हमाल तो हळू ठेवील हे खरे. पण तो बॉयलरशेजारी ठेवू नये, त्याजवळ बिडी पेटवू नये, हे त्याला कसे कळणार? 'नाजूक' या शब्दाने आग लागण्याचा धोका सांगितला जात नाही.

लेबलाआधी मालाची चौकशी

लेबल निवडण्याची सुरुवात स्टेशनरीच्या दुकानात होत नाही, ती आपल्याच गोदामात होते. माल ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे 'सेफ्टी डेटा शीट' मागा. पूर्वी हिला मटेरियल सेफ्टी डेटा शीट म्हणत. या पत्रकात १६ भाग असतात. आपल्या कामाचे मुख्यतः दोन. भाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे सर्वांत कमी तापमान दिलेले असते. भाग १४ मध्ये वाहतुकीची माहिती असते. चार आकडी यूएन क्रमांक, मालाचे वाहतुकीचे नाव, वर्ग आणि धोका किती तीव्र हे सांगणारा पॅकिंग ग्रुप. या चार गोष्टी हाती आल्या की लेबल कोणते, हा प्रश्न बहुतांशी सुटला.

आपल्या बांधवांच्या धंद्यात नेहमी येणाऱ्या काही वस्तू पाहू.

अल्कोहोल घातलेले सेंट व स्प्रे : वर्ग ३, यूएन १२६६. दाबाखाली भरलेले पेट घेणारे स्प्रे कॅन : वर्ग २.१, यूएन १९५०.

थिनर, वॉर्निश, लॅकर, स्पिरिटमधील पॉलिश : ज्वालाग्राही असल्यास वर्ग ३, यूएन १२६३.

चप्पल-बूट आणि पिशव्या चिकटवण्याचे सोल्युशन : ज्वालाग्राही द्रावक असल्यास वर्ग ३, यूएन ११३३.

सोनार व पितळकाम करणाऱ्यांचे नायट्रिक ॲसिड : वर्ग ८, यूएन २०३१; तीव्रता ६५ टक्के वा अधिक असेल तर ऑक्सिडायझरचे पिवळे लेबलही सोबत. तीव्र प्रकार प्रवासी विमानाने पाठवता येत नाहीत.

गाड्यांच्या बॅटरीचे ॲसिड : वर्ग ८, यूएन २७९६.

कृत्रिम कापूर : वर्ग ४.१, यूएन २७१७.

लोबान-ऊद जाळण्याचा कोळसा : चाचणीने सूट मिळालेली नसेल तर वर्ग ४.२, यूएन १३६१.

सिगारेटचे गॅस लायटर : वर्ग २.१, यूएन १०५७.

याउलट हातमागाचे कापड, काचेच्या बांगड्या, पितळेची भांडी, तयार चामडी पिशव्या यांना धोक्याचे लेबल लागत नाही. तेथे पेला, बाण, छत्री पुरे. काही बंधू 'जपून नेतील' म्हणून साध्या मालावरही लाल चिठ्ठी लावतात. हे योग्य नव्हे. एक तर पार्सल तपासणीत अडकते. दुसरे म्हणजे खोट्या चिठ्ठ्या पाहून पाहून हमालाच्या नजरेला खऱ्या चिठ्ठीचीही किंमत राहत नाही.

'अल्कोहोल फ्री' म्हणजे बिनधोक नव्हे

अत्तराच्या व्यापारात एक गैरसमज खोल रुजला आहे. बाटलीवर 'अल्कोहोल फ्री' छापले की माल कुठेही, कसाही पाठवता येतो, असे समजले जाते. तो शिक्का ग्राहकाच्या धार्मिक समाधानासाठी आहे. आगीचा हिशेब वेगळा आहे.

नियमानुसार बंद भांड्याच्या चाचणीत फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असेल, तर तो द्रव सर्वसाधारणपणे वर्ग ३ मध्ये जातो. शुद्ध अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश, म्हणजे आपल्या हवेत ते कायमच पेट घेण्याच्या तयारीत असते. चंदनाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट मात्र १०० अंशांच्या वर आहे. डायप्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा आयसोप्रॉपिल मायरिस्टेट यांसारखे पातळ करण्याचे पदार्थही १०० अंशांच्या वरच आहेत. अशा पायावर बनलेले पारंपरिक अत्तर बहुधा वर्ग ३ च्या बाहेर राहते.

पण संत्र्याच्या तेलाचे काय? त्यात मुख्यतः लिमोनीन असते आणि त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४८ अंश आहे. निलगिरीच्या तेलाचीही हीच जात. या दोन्हींत अल्कोहोलचा थेंब नाही, तरी दोन्ही ज्वालाग्राही आहेत. तेव्हा आपले मिश्रण कोणत्या बाजूला पडते, हे वासावरून किंवा अंदाजाने ठरवू नये. माल बनवणाऱ्याकडून पत्रक घ्यावे. स्वतःच मिश्रण करीत असाल, तर प्रयोगशाळेतून फ्लॅश पॉइंट काढून घ्यावा. एकदा केलेली चाचणी, मिश्रण न बदलल्यास, पुढच्या पार्सलांनाही उपयोगी पडते.

छोट्या बाटल्यांसाठी 'मर्यादित प्रमाण' आणि 'अत्यल्प प्रमाण' अशा सवलती आहेत. त्यांत लेबल व कागदपत्रांचा भार हलका होतो. पण सवलतीची स्वतःची खूण असते. मर्यादित प्रमाणाचा पतंग वरखाली काळा आणि मध्ये पांढरा असतो, विमानाने जायचे असेल तर मध्ये 'वाय' हे इंग्रजी अक्षर असते. सवलत याचा अर्थ 'काहीच लावू नका' असा नव्हे.

भुसा आणि तेजाब

३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन ॲम कंपनीचे एक मालवाहू विमान अमेरिकेत बॉस्टनच्या विमानतळावर उतरता उतरता कोसळले. तिन्ही कर्मचारी ठार झाले. विमानात काचेच्या बाटल्यांतून नायट्रिक ॲसिड चालले होते. बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरला होता. तपासात असे मानले गेले की ॲसिड गळले, भुशाशी त्याची क्रिया होऊन धूर निघाला आणि तो वैमानिकांच्या खोलीत भरला. माल चुकीच्या पद्धतीने बांधला आणि रचला गेला होता.

आपल्याकडे बाटल्या भुशात किंवा पेंढ्यात बसवण्याची सवय जुनी आहे. काचेच्या बांगड्यांना ती चालते. नायट्रिक ॲसिडला तोच भुसा सरपण ठरतो. तेथे व्हर्मिक्युलाइटसारखा न जळणारा शोषक पदार्थच हवा. द्रवाच्या खोक्यावर वर तोंड केलेले बाण समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावेत, म्हणजे खोका कोणत्याही अंगाने पाहिला तरी एक तरी दिसेल. बुचे घट्ट बसवून वरून पट्टी मारावी. बरोबर लेबल लावले म्हणून चुकीचे पॅकिंग माफ होत नाही.

बॅटऱ्यांचा नवा धोका

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आपले कितीतरी तरुण आहेत. लिथियम बॅटरीला इजा झाली किंवा तिचे टोक धातूला लागले, तर ती तापून पेटते आणि शेजारच्या बॅटऱ्यांनाही पेटवते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान आगीमुळे कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. त्यांतील काही माल वर्ग ९ मध्ये जाहीर करायला हवा होता, तो तसा केलेला नव्हता.

१ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (यूएन ३४८०) प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास बंदी आहे. मालवाहू विमानाने न्यायच्या असतील तर चार्ज ३० टक्क्यांहून अधिक नसावा. उपकरणात किंवा उपकरणासोबत असलेल्या बॅटऱ्यांचा क्रमांक यूएन ३४८१ आहे आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. लहान बॅटऱ्यांसाठी लाल तिरप्या रेघांच्या चौकटीची खूण असते, मोठ्यांसाठी बॅटरीचे चित्र असलेले वर्ग ९ चे लेबल. फुगलेली किंवा फुटकी बॅटरी विमानाने पाठवायचीच नाही. ग्राहकाने परत केलेली बॅटरी 'तशीच कंपनीला पाठवून देऊ' असे म्हणताना हे लक्षात ठेवावे.

चुकीचा एक शब्द

११ मे १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात व्हॅल्युजेट कंपनीचे विमान कोसळून ११० माणसे मेली. मालाच्या कप्प्यात ऑक्सिजन तयार करणारी रासायनिक नळकांडी होती. कागदावर त्यांची नोंद 'रिकामी' अशी होती. प्रत्यक्षात अनेक नळकांडी भरलेली होती आणि त्यांना सुरक्षा टोपणेही बसवलेली नव्हती. एका चुकीच्या शब्दामुळे तो माल विमानात चढला.

आपल्या दुकानात हा शब्द कसा येतो ते पाहा. कुरियरचा मुलगा विचारतो, "चाचा, खोक्यात काय आहे?" चाचा म्हणतात, "सेंट आहे बेटा, पण तू 'गिफ्ट' लिही, नाहीतर वर अडवतील." दोघांच्याही मनात वाईट काही नाही. पण त्या क्षणापासून ते खोके ज्या ज्या हातांतून जाईल, त्या प्रत्येकाला खोटी माहिती मिळालेली असते. पेट घेणाऱ्या रिकाम्या डब्यांबाबतही तसेच. थिनरच्या रिकाम्या डब्यात वाफ उरते. डबा नीट साफ केलेला नसेल तर तो 'रिकामा' नव्हे.

जुनी खोकी वापरताना तर दुहेरी काळजी घ्या. आधीच्या मालाची लेबले काढून टाका किंवा पूर्ण झाका. तेजाबाच्या खोक्यात बांगड्या आणि बांगड्यांच्या खोक्यात तेजाब, दोन्ही चूक.

लेबल लावण्याची रीत

लेबल खोक्याच्या सपाट बाजूवर, टोकावर उभे लावा. कोपऱ्यावर दुमडू नका. दोन लेबले लागत असतील तर शेजारी-शेजारी लावा. चिकटपट्टी, दोरी, बिल्टी यांखाली ते लपता कामा नये. रंग व शाई पावसात न उतरणारी असावी. जवळच यूएन क्रमांक, मालाचे वाहतुकीचे नाव आणि पाठवणारा व घेणारा या दोघांचे पूर्ण नाव-पत्ते ठळक लिहा. बाटलीवर छापलेला पांढरा, लाल किनारीचा छोटा पतंग हा वापरणाऱ्यासाठी असतो. वाहतुकीचे मोठे रंगीत लेबल त्यापासून वेगळे आहे, हेही विसरू नये.

कोणत्या मार्गाने काय?

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ नुसार धोकादायक माल देताना त्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि खोक्याच्या बाहेर तसे स्पष्ट लिहावे लागते. बेकायदा असा माल रेल्वेत आणला तर कलम १६४ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, शिवाय झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. रस्त्याच्या वाहतुकीत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मालाची खरी व पूर्ण माहिती ट्रान्सपोर्टवाल्याला देणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. थिनर, तेजाब, स्फोटके यांसारख्या वस्तू टपालाने पाठवता येत नाहीत. विमानाचे नियम सर्वांत कडक असून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना आयाटा आपली नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने काढते. आखातात माल पाठवणाऱ्या बंधूंनी चालू वर्षाचीच पुस्तिका पाहणाऱ्या, प्रशिक्षित माणसाकडून काम करून घ्यावे. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला आयएमडीजी संहिता लागू होते.

यात खर्च आहे, हे मान्य. धोकादायक मालाचे भाडे अधिक पडते. पण नाव बदलून पाठवलेला माल जळाला तर विम्याचा दावा अडकतो, भरपाई अंगावर येते आणि वर्षांची पत एका दिवसात जाते.

ओल्या धान्याचा धडा

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाहीस, या अर्थाचा प्रश्न त्यांनी केला आणि फसवणूक करणारा आपल्यांतला नव्हे, असे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी मशिदीत ऐकलेली आहे.

खोका बंद केला की आत काय आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असते. हमाल, ड्रायव्हर, पार्सल ऑफिसातील कारकून, विमानाचा वैमानिक या सर्वांची जीविते आपल्या सांगण्यावर विसंबून असतात. त्यांना ढिगात हात घालून पाहता येत नाही. म्हणून आतला 'ओलेपणा' खोक्याच्या वर, रंगात आणि चित्रात दाखवणे, हा नुसता सरकारी नियम नाही, ती आपल्या हातची अमानत आहे.

या आठवड्यात एवढेच करा. दुकानातील पातळ माल, डबे, स्प्रे आणि बॅटऱ्या यांची यादी काढा. प्रत्येकासमोर पत्रकातील यूएन क्रमांक आणि वर्ग लिहा. जेथे जागा रिकामी राहील, तो माल पत्रक हाती येईपर्यंत बाहेर पाठवू नका. ही यादी पॅकिंगच्या टेबलासमोर लावली, तर दुकानातील नव्या पोरालाही चूक करायला जागा राहणार नाही, इन्शाअल्लाह.